जाणाऱ्याचा कप

“कप राहू दे ग तिथेच. वळणापर्यंत पोचू दे त्याला आधी.”

आईचा आवाज इतका जवळून आला की तिने हेडफोन एका कानावरून सरकवला आणि मागे वळून बघितलं. मागे कोण असणार? स्पंजाने मढवलेल्या काळ्या भिंती, स्टुलावर कोमट पाण्याचा थर्मास आणि माईकसमोर ताणलेली बारीक जाळी. समोर पडदा. पडद्यावर एक बाई टेबलापाशी उभी होती. तिचा मुलगा आत्ताच दारातून बाहेर गेला होता आणि दोन घोट राहिलेला त्याचा कप टेबलावर तसाच होता. बाईने ओलं फडकं घेतलं, टेबल या टोकापासून पुसत आणलं, पावाचा चुरा गोळा केला, आणि कपापाशी आल्यावर तिचं फडकं कपाला वळसा घालून पुढे गेलं. कप उचलला नाही तिने. मग खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवून ती नुसती उभी राहिली, आणि कॅमेराही हलायचं विसरल्यासारखा तिच्याबरोबर उभा राहिला.

“ताई, श्वास चुकला का?” काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने विचारलं. बूथमधल्या माणसाच्या पोटात गुडगुडलं तरी त्याला ऐकू यायचं आणि तो ते बोलूनही दाखवायचा, म्हणून स्टुडिओत त्याला सगळे कानसेन म्हणत.

“नाही रे. घसा कोरडा पडलाय. पाणी पिते.”

पाणी तिने प्यायलं, पण कोरडं पडलं होतं ते घशाच्या बरंच खाली. तो वळसा तिच्या आईचा होता. घरातून कोणी निघालं, मग तो पाहुणा असो, दूध घालणारा असो की परगावी निघालेला घरचा माणूस, त्याने प्यायलेला कप आई लगेच उचलत नसे. रस्ता पुढे जिथे वळायचा तिथपर्यंत माणूस पोचला असेल, असा मनाशी अंदाज झाला की मगच उचलायची. लगेच उचलला तर माणसाला हाकलल्यासारखं होतं, म्हणायची. हा कुठल्या धर्मातला नियम नव्हता, की शेजारीपाजारी कोणी पाळायचं असंही नव्हतं. आईचा आपला तो नेम होता. आणि तो नेम आता एका परक्या भाषेतल्या सिनेमात, हॉटेलच्या तळघरात चादरींना इस्त्री करणारी एक बाई पाळत होती. ते काम करणारी नटी तिची मैत्रीण होती. होती म्हणजे, अजूनही आहेच म्हणायची.

परभाषेतला सिनेमा आपल्या भाषेत आणायचा म्हणजे नुसते संवाद म्हणायचे, असं लोकांना वाटतं. पण मूळ नटीचा आवाज काढून घेतला की त्याबरोबर तिचे श्वास जातात, घोट गिळल्याचा आवाज जातो, जिन्यावरची धाप जाते आणि पडद्यावर हलतं-बोलतं मढं उरतं. त्यात जीव भरायचा तो डबिंगवाल्यांनी. ती वर्षानुवर्षं ते करत आली होती. छाती पिटणाऱ्या आया केल्या, कारस्थानी सासवा केल्या, एक बोलकी खार केली जिच्यावर शेजारची पोरं अजून जीव टाकत. या सिनेमाचं काम आलं तेव्हा ते करवून घेणारे गृहस्थ, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, हसून म्हणाले होते, “ताई, चुटकीसरशी उरकेल. बाई बोलतच नाही!” बोलत नव्हतीच. म्हणून तर उरकत नव्हतं. संवाद पाठ करता येतात. दुसऱ्याच्या गप्प राहण्याला आपली छाती कशी जुळवायची? एकच तुकडा पडद्यावर फिरून फिरून यायचा, आणि दर वेळी तिला त्यात मघाशी न दिसलेलं काहीतरी दिसायचं. मुलगा समोर बसून सांगत असतो की इतकी वर्षं येता आलं नाही, कामं होती. बाई इस्त्री फिरवत ऐकत असते. तो खोटं बोलतो तिथे इस्त्री थांबते. पोळण्याचा वास येईल, आता येईल असं आपल्याला वाटतं, आणि कापड जळायच्या आत ती पुढे सरकते. बाकी काही नाही. चेहरा तसाच, मान तशीच. त्या थांबण्यात बाईला खोटं कळलेलं असतं, तिने ते माफ केलेलं असतं आणि चादरही वाचवलेली असते. मग तो “येतो” म्हणतो, ती “हं” म्हणते. त्या “हं”मध्ये विचारण्यासारखं सगळं होतं आणि त्यातलं काहीही विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या कोणाचं असतं तर तिने बूथमधूनच हात जोडले असते. चांगलं काम दिसलं की हात जोडावेत, ती देवाची जागा असते, हे तिला पटलेलं होतं. पण हात जोडायला गेलं की मधे काहीतरी यायचं. मोठं नव्हे, दातात अडकलेल्या तुसाएवढंच, पण जीभ सारखी तिथेच जायची. पेपरात मैत्रिणीचा फोटो आला, संयत अभिनय, संयत अभिनय म्हणून सगळ्यांनी तोच शब्द गिरवला. वाण्याच्या दुकानात कोणीतरी म्हणालं, ती तुमच्या ग्रुपमधली ना हो, काहीच न करता किती करते! तिने मान डोलावली, तोंड भरून हसलीसुद्धा आणि साबण घ्यायचा विसरून घरी आली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “काहीच न करण्याचं एवढं कौतुक? मी घरात इतकी वर्षं काहीच करत नाही, मला कोणी हार घातला नाही तो!” त्या दिवशी ती खूप हसली, गरजेपेक्षा जास्त.

कारण त्यांच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये नटी होती ती स्वतः, मैत्रीण नव्हे. मास्तरांच्या तालमीत शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू जाईल असा तिचा आवाज, म्हणून तिचं नाव नगारा. आणि ही मैत्रीण तोंड उघडायची तर मेणबत्तीसुद्धा विझायची नाही, म्हणून ती फुंकर. नगारा रंगमंचावर, फुंकर विंगेत, हातात संहिता घेऊन, विसरलेलं वाक्य आठवून द्यायला. नगाऱ्याला फुंकरीने वाजवतात आमच्याकडे, असं पोरं म्हणायची. नगाऱ्याचा हुंदका असा होता की पडद्यामागचे सुतारही हातातलं काम थांबवत. एकदा तालमीनंतर सगळे चहा पीत बसले असताना मास्तर कशावरून तरी म्हणाले, “नगाऱ्या, तू लोकांना रडवतेस. ही एक दिवस त्यांना गप्प करील. रडवायचं सोपं असतं.” सगळे हसले, फुंकर सर्वांत जास्त लाजली, आणि नगाराही हसली होती, कारण त्या वयात दया दाखवायला काही खर्च येत नाही. मास्तर गेले. ग्रुप पांगला. फुंकर कोणाशी तरी लग्न करून दुसऱ्या भाषेच्या मुलखात गेली, तिथे तिने भाषा शिकली, लहानसहान कामं केली. दारातून आत येणारी नर्स, रांगेत उभी असलेली बाई. आणि आता केस पांढरे झाल्यावर हे. इकडे नगाऱ्याला मात्र घसा होता, पण चेहरा कोणाला नको होता. काळोख्या खोलीत उभं राहून दुसऱ्यांच्या तोंडात आवाज घालायचा, त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली.

पण हेही सगळं एक वेळ पोटात घालता आलं असतं. यश देणाऱ्याच्या हातात असतं, तो कोणाला कधी देईल. ती रोज संध्याकाळी दिव्यापुढे बसून हेच स्वतःला सांगायची. गिळता येत नव्हता तो कपाभोवतीचा वळसा. तालमी संपल्या की फुंकर घरी यायची, कारण तिच्या खोलीवर संध्याकाळी कोणी नसायचं. दिवा लावला की आई घटकाभर बोलत नसे. आत काय चालायचं कोण जाणे, पण ओठ मिटलेले आणि हात कामात. ओली कापडं घडी करायची, शेंगा सोलायची. मुलीला त्या वेळेचा जाच वाटायचा. आता थोडा वेळ काही बोलू नकोस हं, म्हणून आई सांगायची आणि हिच्या पोटात तर दिवसभराच्या टाळ्या उकळत असायच्या. ती गच्चीवर जाऊन मोठ्याने संवाद म्हणायची. खाली त्या दोघी बसलेल्या असायच्या, आई आणि फुंकर, समोरासमोर, एकमेकींकडे न बघता. तिने एकदा जिन्यातून बघितलं होतं, आणि का कोण जाणे, पाय आपटत खाली आली होती. आई तिच्या नाटकाला एकदाच आली. सगळा ग्रुप आईच्या तोंडाकडे बघत होता. आई म्हणाली, “घसा दुखत असेल ग. गरम पाणी पी.” एवढंच. आणि फुंकरला मात्र, काही कारण नसताना, ती दारात चपला घालत असली की म्हणायची, “तू बसलीस की बरं वाटतं बाई.”

म्हणजे फुंकर तेव्हा बसून बघत होती. तिची आई, तिचं घर, तिचं टेबल, आणि बघून घेऊन गेली. पोटच्या मुलीला मागे काही उरलं नाही, दोन लुगडी आणि एक दिवा. आणि हिने अख्खी आई उचलली! सख्खी म्हणून आपण रडायचं, आणि आई व्हायचं हिने?

“ताई, घ्यायचं?” कानसेनने विचारलं.

“घे.”

या तुकड्यात संवाद नव्हता. मुलगा गेल्यावर बाई टेबल पुसते, उभी राहते. मूळ आवाजात तिथे एकच श्वास होता, आत घेतलेला. सोडल्याचा ऐकूच येत नव्हता. महिन्यापूर्वी काम ठरलं तेव्हा फुंकरचा फोन आला होता. “नगाऱ्या, ऐक. मीच करणार होते ते डबिंग, पण माझी जीभ आता इकडची झाली ग, आपली भाषा बोलायला गेले की पाहुणीसारखी बोलते. मी त्यांना म्हटलं, आवाज घ्यायचा तर हिचाच घ्या. तू एकच कर. मी जिथे गप्प आहे तिथे तूही गप्प राहा. तिथे काही भरू नकोस. कबूल?” ती म्हणाली होती, “कबूल ग बाई, कबूल. तुझ्या गप्प बसण्यात मी कशाला तोंड घालू?” दोघी हसल्या होत्या. शब्द देताना तो जड लागत नाही.

लाल दिवा लागला. पडद्यावर फडकं टेबलावरून निघालं, चुरा गोळा करत कपापाशी आलं, वळलं. बाई उभी राहिली. तिने तो श्वास आत घेतला, अगदी फुंकरच्या छातीबरोबर, केसभरही इकडेतिकडे नाही. आणि मग तो तिने धरला नाही. खालून काहीतरी वर आलं, जुनं, ओळखीचं, टाळ्यांची सवय असलेलं, आणि मिटल्या ओठांतून तो हुंदका बाहेर पडला. तोच, ज्याने सुतारांचे हात थांबायचे. अर्धा गिळलेला, शेवटी कापत जाणारा. तिला स्वतःलाच तो ऐकून बरं वाटलं. बघ, तिच्या आत कोणीतरी म्हणालं, अशी रडते आई, लेकरू गेल्यावर.

काचेपलीकडे भाऊ उभेच राहिले. “वा! ताई, अंगावर काटा आला! मूळ सिनेमात हे नाहीये. बाईने मारून टाकलाय तो सीन, दगडासारखी उभी राहते. तुम्ही जिवंत केलात.”

कानसेनने बटणापाशी बोट नेऊन म्हटलं, “ओठ मिटलेले आहेत तिचे, भाऊ.”

“मिटल्या ओठांनी रडत नाहीत माणसं? तू कानाचं बघ, डोळ्यांचं मी बघतो. ओके, हाच ठेवा.”

“ताई, हाताशी असावा म्हणून एक सेफ्टी टेक घेऊ? हुंदक्याशिवाय?”

“कशाला,” ती म्हणाली. “भाऊंना आवडलाय ना.”

स्टुडिओतून घरी येताना तिला हलकं वाटत होतं, बऱ्याच दिवसांनी. रस्त्यातल्या दुकानांच्या काचांत ती स्वतःकडे बघत चालली. त्यातल्या एका काचेत तिला आपले ओठ हलताना दिसले, ती हुंदका पुन्हा म्हणून बघत होती. लोक सिनेमा बघतील, त्या जागेला रुमाल काढतील, आणि त्यांना कळणारही नाही की तो नगाऱ्याचा आहे. पण असेल तो नगाऱ्याचाच. फुंकरच्या चेहऱ्यावर तिचा शिक्का. घराच्या जिन्यात मात्र पाय एकदम जड झाले. वय झालं, असं तिने मनात म्हटलं.

नवरा बाहेर जायच्या घाईत होता. त्याने चहा प्यायला, “येतो ग,” म्हणाला, आणि दार ओढलं जाण्याआधी तिचा हात त्याच्या कपाकडे गेला होता. कप हातात धरून ती ओट्यापाशी आली, नळ सोडला, आणि पाणी वाहत असताना तशीच उभी राहिली. आई असती तर काही बोलली नसती. आई कधीच बोलली नाही. हा कप असा आपण किती वर्षं लगेच उचलतोय, ते तिला आठवेना.

तिने दिवा लावला. आई गेल्यापासून ते तिने सोडलं नव्हतं. ताप असो, दौरा असो, एक दिवस चुकलेला नाही. गप्प बसणं मात्र तिला जमलं नव्हतं, त्याऐवजी ती मोठ्याने म्हणायची, एकेकाचं नाव घेऊन भलं मागायची. आईकडून आलेली ती नावं होती, दूध घालणाऱ्यापासून फुंकरपर्यंत. गेल्या महिन्यापासून ती नावं घेत नव्हती. “सगळ्यांचं भलं कर” असं एका दमात म्हणून उठायची. सगळ्यांत सगळे आलेच की. देवाला काय कळत नाही? देवाला कळतं, हाच तर घोटाळा होता. आज ती “सग” म्हणाली आणि तिथेच थांबली. वात जळत होती. शेजारी फोन वाजायला लागला. फुंकरचा होता.

“नगाऱ्या! झालं का ग? तो टेबलाचा सीन झाला?”

“आज केला.”

“मला सांगायचंच होतं तुला, पण काम व्हायच्या आधी सांगितलं असतं तर तू त्याचाच विचार करत बसली असतीस. ओळखलंस ना? मावशी.”

“ओळखलं,” ती म्हणाली. आवाज तिने नीट ठेवला होता. “कपावरून. तुला बरं आठवलं. आईचं ते सगळ्यांनाच माहीत होतं.”

“कप नाही ग. कप सगळ्यांनी बघितलाय. तू पहिल्या दौऱ्याला निघालीस तो दिवस. तू किती घाईत होतीस, मोटार खाली हॉर्न वाजवत होती, तू अर्धा चहा टाकून पळालीस, माझ्या पायावरून बॅग नेलीस. आठवतं?”

“बॅग आठवते.”

“तू गेलीस आणि मावशींनी टेबल पुसायला घेतलं. मी तिथेच बसले होते, निघावं की बसावं कळेना. त्यांनी पुसत आणलं आणि तुझ्या कपापाशी आल्या. मला वाटलं, आता रडतील. म्हणून मी मान खाली घातली. पण काहीच आवाज नाही. वर बघितलं तर त्या नुसत्या उभ्या, खुर्चीला हात लावून. श्वास घेतलेला आणि सोडायच्या विसरल्यासारख्या. रस्त्याकडे कान. तुझी मोटार वळणावर गेल्याचं ऐकू आलं, तरी कप उचलला नाही ग त्यांनी. दिवेलागण होईपर्यंत तिथेच होता. मग मला म्हणाल्या, ‘गाणं म्हणत गेली ना ग?’ मी म्हटलं, हो मावशी. ‘मग बरं,’ म्हणाल्या. इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. ते तुझं होतं, पण तुला दिसणार कसं? तू तर गेलेली होतीस. सिनेमावाले म्हणत होते, इथे थोडं रडा, एक तरी टिपूस. मी म्हटलं, त्या रडल्या नाहीत. मी कशी रडू?”

आपण निघून गेल्यावरचं घर कसं असतं, ते कोणालाच कधी बघता येत नाही. मोटारीत ती खरंच गात होती. पुढच्या सीटवर बसायला मिळावं म्हणून भांडलीही होती. आणि मागे एका टेबलावर तिचा कप दिवेलागणीपर्यंत, आणि त्याभोवती ते गप्प उभं राहणं, जे तिला आयुष्यभर वाटलं की आईकडे तिच्यासाठी नव्हतंच. ते होतं. एवढं होतं की दुसरीने जपून ठेवलं, आणि आज हिच्या पुढ्यात परत आणून दिलं, आणि हिने त्यावर हुंदका ओतला.

“ऐकतेस ना? तू तसंच ठेवलंस ना ग? गप्प?”

“अजून थोडं राहिलंय,” ती म्हणाली. “उद्या होईल.”

“गरम पाणी पी. घसा बसलेला वाटतो तुझा.”

फोन ठेवल्यावर ती दिव्यापुढे तशीच बसली. नावं घेतली नाहीत, सगळ्यांचं असंही म्हणाली नाही. काही बोलायचं नाही, एवढंच. सुरुवातीला फार जड गेलं. कानात मोटारी येत राहिल्या, वळत राहिल्या. मत्सर गेला का? नव्हता गेला. उद्या पुन्हा वाण्याच्या दुकानात कोणी काही म्हणालं की जीभ तिथेच जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. फुंकरने ते बघितलं आणि आपण नाही, हे आता कोणी फिरवून देणार नव्हतं. पण वात शांत झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती एक श्वास धरून बसली आहे, आणि तो कुणाकडून शिकायची तिला गरज पडलेली नाही.

तिने कानसेनला फोन लावला. “तो हुंदका काढता येईल?”

“काढता येत नाही ताई, श्वासात मिसळलाय. नव्याने घ्यावा लागेल. फाईल उद्या जाते. सकाळी लवकर आलात तर घेऊ.” मग त्याने विचारलं, “भाऊंना काय सांगायचं?”

“मी सांगते. म्हणेन, चूक माझी होती.”

“चूक नव्हती हो,” कानसेन म्हणाला. “सुंदर होता. फक्त तिचा नव्हता.”

सकाळी नवऱ्याने तिला थर्मास भरताना बघितलं. “आज सुट्टी होती ना तुझी? एवढं काय काम निघालं?”

“काहीच नाही. जाऊन गप्प उभं राहायचंय.”

“आणि त्याला तू लागतेस होय? मला सांगायचं, मी गेलो असतो!”

ती हसली, या वेळी पुरतीच. चहा तिला संपवता आला नाही, घाई होती. दोन घोट कपात राहिले. चपला घालताना तिच्या तोंडाशी आलं, कप राहू दे, लगेच उचलू नका. पण सांगून ठेवायला लावलेला कप तो कसला? ती नुसती “येते” म्हणाली. आतून “हं” आलं. जिना उतरून ती रस्त्याला लागली, ओठ मिटून, थर्मास छातीशी धरून. ती भरभर चालत होती आणि वळण अजून पुढे होतं.